कावळा शिवला नाही म्हणून...

भगिनींनो, या वेळी नेहमीचे पाककृतीचे आणि शिवणाचे प्रश्न बाजूला ठेवते. करमाडहून एका भगिनीचं पत्र आलं आहे, त्याला आधी उत्तर द्यायला हवं. नाव अर्थातच छापत नाही.

त्या लिहितात, "सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं सारं मीच केलं. दहाव्या दिवशी पैठणला घाटावर पिंड ठेवला, तर तासभर वाट पाहूनही कावळा शिवेना. मंडळींनी 'नातवाचं शिक्षण करू, लेकीला अंतर देणार नाही' असं सगळं कबूल केलं, तरी नाही. पुरुषमाणसं घरी परतली आणि सगळ्यांसमोर नणंदबाई म्हणाल्या, 'सुनेकडूनच काहीतरी राहिलं असणार.' तेव्हापासून माझा डोळ्याला डोळा लागत नाही. त्यांचा आत्मा घरातच घुटमळतो आहे का? मरणानंतर माणसाचं नेमकं होतं तरी काय?"

ताई, तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. देहाचं काय होतं हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. आत्म्याचं काय होतं, ही ज्याच्या त्याच्या श्रद्धेची गोष्ट आहे.

आधी देहाचं सांगते. श्वास आणि नाडी थांबली की अंग हळूहळू गार पडू लागतं. दोन-चार तासांत पापण्या, जबडा आणि मान, मग हात-पाय ताठरतात. साधारण बारा तासांत सगळा देह ताठ होतो आणि पुढच्या दिवसा-दीड दिवसात पुन्हा सैलावतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे सगळं लवकर होतं. म्हणून तर जुन्या बायका लगेच डोळे मिटवीत, हनुवटीखालून फडकं बांधीत, हातपाय सरळ करीत. पाठीकडचा भाग जांभळा दिसतो, कारण रक्त खाली उतरतं. तो माराचा वळ नव्हे. देह हलवताना कधी कण्हल्यासारखा आवाज येतो. ती छातीत राहिलेली हवा असते, अडकलेला जीव नव्हे. ही माहिती नसल्यामुळे किती घरांत नाही नाही त्या शंका निघतात! चितेवर काही तासांत सारं जळून जातं आणि राख सावडताना हाती लागतात ती हाडं. देहाची गोष्ट इथं संपते.

आता आत्मा. गरुडपुराण सांगतं की दहा दिवसांच्या पिंडांनी जिवाला नवा देह घडतो आणि मग तो वर्षभराच्या वाटेला लागतो. गीता म्हणते, जुनं वस्त्र टाकून नवं नेसावं तसा तो देह बदलतो. आपल्या मराठवाड्यातली बौद्ध मंडळी कायमचा असा आत्मा मानीत नाहीत. मुसलमान शेजारी देह मातीच्या हवाली करतात आणि कयामतच्या दिवसाची वाट पाहावी असं मानतात. यातलं खरं कुठलं, हे सांगायला तिकडून कुणी परत आलेलं नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. गरुडपुराण असो की कुराण, ज्याच्या त्याच्या करणीचा जाब ज्याला त्यालाच द्यावा लागतो. सासूचा हिशेब सुनेच्या खात्यावर कुणीच मांडलेला नाही.

मग कावळ्याचं काय? अहो, कावळा हा भारी सावध पक्षी. भोवती दहा-वीस माणसं टक लावून उभी असली की तो बिचकतो. घाटावर एका सकाळी चार-पाच घरचे पिंड असले तर त्याचं पोट आधीच भरलेलं असतं. ऊन चढलं की तो सावलीला जाऊन बसतो. आणि ही अडचण आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होती, बरं का! कावळा आला नाही तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावायचा आणि विधी पुरा करायचा, अशी सोय त्यांनीच करून ठेवली आहे. कावळ्याच्या न येण्यात इतका मोठा अर्थ असता, तर गवताच्या कावळ्यावर त्यांनी काम भागवलं असतं का?

पिंड ठेवलात त्याच पैठणची एक कथा तुम्हीही ऐकली असेल. एकनाथ महाराजांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. वासानं दाराशी आलेल्या भुकेल्या अंत्यजांना नाथांनी ते अन्न वाढलं. ब्राह्मण रागावून जेवायला येईनात, तेव्हा पितर स्वतःच पानावर येऊन बसले, असं सांगतात. नाथांनी १५९९ मध्ये देह ठेवला, पण ही कथा अजून घरोघरी सांगितली जाते. पितर तृप्त होतात ते कशानं, हे यातून ज्याचं त्यानं घ्यावं.

आणखी एक आठवण तुमच्याच गावाजवळची. ८ मे २०२० ची पहाट. टाळेबंदीत जालन्याहून पायी घराकडे निघालेले मजूर थकून करमाडजवळ रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली त्यांतले सोळा जण गेले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्या साऱ्या देशानं पाहिल्या. त्यांचे देह रेल्वेनं मध्य प्रदेशात परत गेले. घरी पोहोचायचं, एवढीच त्यांची इच्छा होती आणि तीच राहिली. म्हणून त्यांच्या बायकांना कुणी 'तुमचंच काहीतरी चुकलं' म्हणेल का? म्हणवेल का? मग तुम्हीच स्वतःला असं का म्हणता?

चार वर्षं तुम्ही त्यांना कुशीवर वळवलंत, भरवलंत, अंथरूण बदललंत. जे द्यायचं ते त्या जिवंत असतानाच देऊन झालं आहे. नणंदबाईंवर मात्र राग धरू नका. दूर राहणाऱ्या लेकीला आईची सेवा करता आली नाही, याचं दुःख पुष्कळदा असं उलटून बाहेर पडतं. एकदा दोघीच बसा आणि सासूबाईंचं एखादं लुगडं त्यांच्या हाती द्या. महिन्याभरानंतरही झोप येत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, त्यात कमीपणा नाही.

सगळ्याच भगिनींसाठी दोन कामाच्या गोष्टी. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत २१ दिवसांच्या आत करा आणि दाखल्याच्या चार-पाच प्रती घेऊन ठेवा. बँक, पेन्शन, सातबारा, सगळीकडे तो लागतो. आणि नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवा. तोवर पंखा बंद ठेवा, डोळे मिटवून वर ओला कापूस ठेवा आणि डोक्याखाली उशी द्या. आत्म्याचं ठाऊक नाही, पण आपल्या माणसाच्या डोळ्यांनी आणखी दोघं जग पाहू शकतात, हे मात्र खरं.

ताई, येत्या पितृपक्षात सासूबाईंच्या आवडीचं रांधा. कावळ्यासाठी घास ठेवा, आणि ठेवल्यावर वाट पाहत उभ्या राहू नका. घरात येऊन जेवून घ्या.