पाठिंब्याच्या पत्रासोबत कार्यक्रमही मागा

प्रति,
माननीय राज्यपाल,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,


विधानसभा त्रिशंकू झाली की सरकार स्थापनेचे निमंत्रण आपल्या सहीने जाते. त्या वेळी आपण काय तपासावे, याविषयी पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्यांच्या वतीने ही विनंती.

24 ऑक्टोबर 2019 ला निकाल लागला : भाजप 105, शिवसेना 56, राष्ट्रवादी 54, काँग्रेस 44. बहुमताला 145 हवे होते. भाजप-शिवसेना युतीकडे ते होते, पण मुख्यमंत्रिपदावरून युती तुटली. 12 नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट आली, 23 ला भल्या सकाळी भाजपच्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला, 26 ला त्यांचा राजीनामा आणि 28 ला शिवसेना, राष्ट्रवादी व काँग्रेसचे नवे सरकार. यात 35 दिवस गेले.

हे दिवस आमच्याकडे पश्चिम पट्ट्यात भात काढण्याचे, नारायणगावच्या बाजूला छाटलेल्या द्राक्षबागा जपण्याचे आणि ओतूर-मंचरकडे कांद्याची रोपे सांभाळण्याचे. त्या वर्षी अवकाळीने राज्यभर पिके झोपवली. मावळत्या सरकारने मदतीची घोषणा केली, पण हेक्टरी दर जाहीर झाला तो राष्ट्रपती राजवटीत, 16 नोव्हेंबरला : खरिपाला 8,000 आणि फळबागांना 18,000 रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंत. म्हणजे खरिपाच्या एकराला जेमतेम 3,200 रुपये. हा दर अपुरा आहे, असे सभागृहात उभे राहून मंत्र्यांना विचारायची सोयच तेव्हा नव्हती.

तरीही एकाच पक्षाला बहुमत मिळाले की शेतकऱ्याचे भले होते, असे मी म्हणणार नाही. 1991 मध्ये नरसिंह राव यांच्याकडे लोकसभेत बहुमत नव्हते, तरी आर्थिक सुधारणा त्याच सरकारने केल्या. उलट डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यातबंदी झाली, तेव्हा केंद्रातल्या मुख्य पक्षाकडे स्वबळाचे बहुमत होते. 2024 मध्ये तो पक्ष लोकसभेत 240 वर थांबला, मित्रपक्षांच्या आधाराने सरकार आले. त्याच वर्षी 13 सप्टेंबरला, राज्यातली निवडणूक तोंडावर असताना, कांद्यावरची किमान निर्यात मूल्याची अट निघाली आणि निर्यात शुल्क 40 वरून 20 टक्क्यांवर आले. ज्याला मतांची गरज असते, त्याला ऐकावे लागते.

आघाडीचे सरकार आम्हाला नको, असे मुळीच नाही. आमचा आक्षेप आहे तो बंद दारामागच्या खातेवाटपाला. मात्र 2019 मध्ये त्या तीन पक्षांनी किमान समान कार्यक्रम लिहून काढला आणि त्यात कर्जमाफीचा शब्द दिला. डिसेंबरमध्ये दोन लाखांपर्यंतच्या थकीत पीककर्जाची माफी जाहीर झाली. शब्द लेखी होता, म्हणून तो धरून विचारता आला.

म्हणून तीन मागण्या.

एक, निमंत्रणाचा क्रम आणि मुदत आधीच जाहीर असू द्या. निवडणूकपूर्व आघाडी, मग सर्वांत मोठा पक्ष, मग निकालानंतरची आघाडी, असा क्रम सरकारिया आयोगाने सुचवलेलाच आहे. बहुमत सभागृहातच सिद्ध व्हावे, हे बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये स्पष्ट केले आहे.

दोन, पाठिंब्याच्या पत्रासोबत सर्व पक्षांच्या सह्यांचा आर्थिक कार्यक्रम मागा आणि तो जनतेसमोर ठेवा. पीककर्ज, शेतीची वीज, पीकविमा, आदिवासी पट्ट्यातली शेतमालाची खरेदी, आणि या सगळ्याला पैसा कुठून येणार, हे त्यात असावे. निर्यात केंद्राच्या हातात आहे, पण त्यासाठी राज्य काय पाठपुरावा करणार, हेही लिहिलेले असावे. राज्यघटनेत अशी अट नाही, त्यामुळे कार्यक्रम दिला नाही म्हणून आपण कोणाला अडवू शकणार नाही. पण मागण्याला कुणाची आडकाठी नाही, आणि आपण मागितल्यावर न देणारा पक्ष लोकांना दिसेल.

तीन, सरकार नसतानाच्या काळात पंचनामे आणि मदत थांबू नये, यासाठी प्रशासनाला कायमचे आदेश द्या.

मत आम्ही उमेदवाराला देतो. निकालानंतर त्या मताची जुळवाजुळव कोणाशी आणि कशासाठी होते, हे शपथविधीच्या आधी कळण्याचा आमचा हक्क आहे. तो आपण मान्य करावा.

आपला विश्वासू,
जुन्नर तालुक्यातील एक शेतकरी मतदार