काटा कुणाच्या बाजूने सरकतो?

गाळप हंगामात पंढरपूर तालुक्यात उसाच्या गाड्या वजनकाट्यावर रांगा लावतात. काटामारीची ओरड दरवर्षी होते. पण लबाडी नसतानाही काटा चुकतो, त्यावर कुणी बोलत नाही. चूक कधी इकडे, कधी तिकडे झाली तर हंगामाअखेर बरीचशी फिटते. मात्र प्लॅटफॉर्मखाली चिखल-पाचट अडकले की काटा रोज कमीच भरतो. वजन टिपणारा लोडसेलही ऊन-पावसात हळूहळू सरकतो. खेपेला ३० किलो गेले, तर १०० खेपांत ३ टन! काटा जास्त भरू लागला तर कारखाना लगेच मेकॅनिक बोलावील. कमी भरला तर कोण बोलावणार?

२००९ च्या वैधमापन कायद्याचे कलम २४ पडताळणी व शिक्का सक्तीचा करते. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी वर्षातून एकदा. हंगामाआधी शिक्का बसला, मग मधल्या महिन्यांचे काय? शेतकऱ्याच्या हाती निदान पावती असते. टनावर राबणाऱ्या भूमिहीन तोडणी कामगाराचा हिशेब मुकादमाच्या वहीत! कागदच नसेल तर आम्ही वकिलांनी तरी कोर्टात काय दाखवायचे? हंगामाच्या मध्यावर प्रमाणित वजने ठेवून काटे तपासा, आणि प्रत्येक पावतीची प्रत टोळीला द्या.