इमारत सुरक्षा कायदे : अडथळा की आधार?

"परवानग्यांतच वर्ष गेलं, आता काम कधी करायचं?" ही तक्रार बांधकाम क्षेत्रात नेहमी ऐकू येते. ती अगदीच खोटी नाही. आधी नकाशा मंजूर करून घ्यायचा, मग बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, पुढे जोत्याची तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. प्रत्येक टप्प्याला वेळ लागतो, आणि तोवर कर्जाचं व्याज काही थांबत नाही.

पण हे टप्पे गाळले तर काय होतं? ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाटा येथे एक बेकायदा इमारत काम चालू असतानाच कोसळली. ७४ जणांचे प्राण गेले. त्यांत तिथेच राहणारे मजूर आणि त्यांची मुलंबाळं होती.

माझ्या मते उशीर दोन प्रकारचा असतो. एक काँक्रीटचा आणि दुसरा टेबलावरचा. साध्या सिमेंटच्या स्लॅबवर किमान ७ दिवस पाणी मारावंच लागतं. काँक्रीटचा ठोकळा २८ दिवसांनी दाबून त्याची ताकद तपासतात. हा वेळ कोणालाही वाचवता येत नाही. फाईल मात्र टेबलावर उगाच पडून राहते, तो उशीर कमी झालाच पाहिजे. आपल्याकडे होतं उलटंच! फाईलमध्ये गेलेले दिवस स्लॅबवर भरून काढले जातात.

२०१६ च्या रेरा कायद्यामुळे थोडा फरक पडला. ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामाच्या रचनेत दोष आढळला आणि तो कळवला, तर बिल्डरला ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्ती करून द्यावी लागते. म्हणजे आज सळईत केलेली काटकसर उद्या त्याच्याच अंगाशी येते. तरीही नुसता कायदा पुरत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये महाडला पाच मजली इमारत पडून १६ जण गेले. ती दहा वर्षांचीही नव्हती. तपासणी कागदावर नाही, साइटवर व्हायला हवी.

म्हणून घर बघायला गेलात की फरशी आणि रंग जरूर बघा, पण आई-बाबांना एक प्रश्न विचारायला सांगा : "भोगवटा प्रमाणपत्र मिळालंय का?" हा प्रश्न सगळेच विचारू लागले, तर कायदा आपोआप पाळला जाईल.