उपचार संपल्यानंतरचे फोटो

कॅन्सरचे ऑपरेशन झाले, लाईट झाली, सलाईनमधून औषधे झाली आणि डॉक्टर म्हणाले, "आता तीन महिन्यांनी या", की आपल्या घरांत एकच अर्थ घेतला जातो. सुटलो एकदाचे! पण तोंडाचा किंवा गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर उलटला तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतच उलटतो. म्हणून तर ती तीन महिन्यांची तारीख असते.

कुंभारीत २००६ साली गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत झाली. जानेवारी २०२४ मध्ये रे नगरची पंधरा हजार घरे वाटली गेली. एवढ्या मोठ्या कष्टकरी वस्तीत या रोगातून उठलेल्या माता-भगिनी आहेतच. त्यांच्या घरी गेले की दोन तऱ्हा दिसतात. काही जणी तारीख चुकवतात, कारण एक दिवस गेला की त्या दिवसाच्या विड्यांची मजुरी गेली. काही घरांत याच्या उलट चालते. भीतीपोटी "सगळ्या अंगाचा मोठा फोटो काढा" म्हणून हट्ट धरतात आणि त्यासाठी मंगळसूत्र गहाण पडते.

वाचकहो, मोठी मशीन म्हणजे चांगली तपासणी, असे नाही. स्तनाच्या कॅन्सरनंतर वर्षातून एकदा मॅमोग्राफी आणि डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, एवढे मुख्य. इटलीत १३२० महिलांवर झालेला एक अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. काही त्रास नसताना ज्यांचे हाडांचे स्कॅन, छातीचे एक्स-रे, लिव्हरची सोनोग्राफी वरचेवर केली, त्या इतर महिलांपेक्षा जास्त जगल्या नाहीत. तोंडाच्या कॅन्सरमध्येही आधी डॉक्टरांचे डोळे आणि बोटे. शंका आली तर मग सीटी, एमआरआय किंवा पेट स्कॅन.

हा पेट स्कॅन काय करतो, तेही समजून घ्यावे. किरणोत्सर्गी खूण लावलेली साखर शिरेतून देतात. कॅन्सरच्या पेशी साखर अधाशासारख्या ओढतात, त्यामुळे त्या जागा फोटोत उजळतात. त्या औषधाचा जोर दर ११० मिनिटांनी निम्मा होतो, म्हणून ते बनवून साठवता येत नाही. ते बनवणारे वैद्यकीय सायक्लोट्रॉन देशात पहिल्यांदा २००२ साली मुंबईत परळला सुरू झाले. तपासणीला उपाशीपोटी जावे लागते. मधुमेह असेल तर आधीच सांगावे, रक्तात साखर जास्त असली की फोटो फसवा येतो.

फसवा येण्याची आणखी कारणे आहेत. लाईट घेतलेली जागा भरून येत असतानाही उजळते. म्हणून डोक्या-मानेच्या कॅन्सरला लाईट व औषधे संपल्यावर साधारण बारा आठवडे थांबतात. असे थांबून केलेल्या स्कॅनचा फायदा मात्र मोठा. ब्रिटनमधील ५६४ रुग्णांचा अभ्यास २०१६ साली आला. त्यात निम्म्यांच्या मानेतल्या गाठी ठरवूनच काढायच्या होत्या, तर निम्म्यांना स्कॅनमध्ये गरज दिसली तरच ऑपरेशन. पहिल्या गटात २२१ ऑपरेशने झाली, दुसऱ्यात ५४. जगण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच राहिले.

आणि आपल्याकडे टीबी आहे! टीबीची गाठही उजळते. एका भगिनीच्या छातीतली गाठ उजळली, तेव्हा घरात रडारड सुरू झाली. सुई घालून तुकडा तपासला तर टीबी निघाला. औषधांनी ती बरी झाली. तेव्हा नुसत्या फोटोवरून कोणी पुन्हा किमो सुरू करा म्हणत असेल, तर "तुकडा तपासायचा का?" एवढे विचारायला लाजू नये.

मी दिवसभर फायली सांभाळणारा कारकून. मला वाटते, आपले अर्धे नुकसान कागदांत होते. नवा फोटो जुन्याशी ताडून पाहिला तरच नवीन काय ते कळते. पण जुनी फिल्म गादीखाली दुमडलेली आणि सीडी पोरांच्या खेळात! बायोप्सीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, फिल्म, सीडी सारे एका पिशवीत ठेवा. बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलात जा की परळच्या टाटात, पिशवी सोबत हवीच. नवी गाठ, न भरणारी जखम, अंगावरून रक्त जाणे, न थांबणारी हाडदुखी असे काही दिसले तर मात्र तारखेची वाट पाहू नका.

मुंबईला जाणाऱ्यांसाठी एक सांगतो. उपचाराला किंवा फेरतपासणीला जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपरचे भाडे पूर्ण माफ आहे आणि सोबतच्या एका माणसाला पाऊण भाडे माफ. त्यासाठी हॉस्पिटलचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. तो मागून घ्या आणि झेरॉक्स काढून त्याच पिशवीत ठेवा.