बरणीतला पाहुणा



गेल्या महिन्यात खालापूरजवळच्या एका गावातून पत्र आलं. लिहिणारा मुलगा सातवीत आहे. तो लिहितो :

"काका, आमच्या पडवीत एक छोटा साप सापडला. रंग काळपट, अंगावर पांढरे पट्टे. मित्र म्हणाला, हा कवड्या, बिनविषारी असतो. मी त्याला लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवलंय. झाकणाला भोकं पाडलीत. दूध दिलं, उकडलेलं अंडं दिलं, भाताची शितं टाकली. आठ दिवस झाले, काहीच खात नाही. तो मरेल का? आईला अजून सांगितलेलं नाही."

पत्र वाचून माझ्या पोटात गोळाच आला. काळपट अंग आणि पांढरे पट्टे कवड्याला असतात, तसेच मण्यारीलाही असतात! कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं बहुधा उलट असतं. पण हा फरक पुस्तकात बघायचा, बरणीत डोकावून नाही. मण्यार अतिशय विषारी. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, म्हणून तर ती जास्त धोक्याची.

पत्राखाली फोन नंबर होता. उत्तर छापून येईपर्यंत थांबतोय कोण? लगेच फोन लावला. "बरणी उघडू नकोस, हलवू नकोस. आधी आईला बोलाव." आईने वनखात्याच्या १९२६ या नंबरवर कळवलं आणि संध्याकाळी एक जाणकार सर्पमित्र घरी आले. साप कवड्याच निघाला. त्यांनी तो रानात नेऊन सोडला. मित्राचा अंदाज बरोबर होता खरा, पण अंदाजावर जिवाची पैज लावायची नसते.

आता त्या मुलाचा प्रश्न. साप खात का नव्हता?

पहिलं कारण सोपं आहे. दूध, भात, उकडलेलं अंडं हे कवड्याचं जेवण नाहीच. तो रात्री भिंतीवरच्या पाली पकडून खातो. कुठलाच साप दूध पिऊन जगत नाही. अगदी तहानेने व्याकूळ झाला तर दुधाला तोंड लावेल, एवढंच.

दुसरं कारण जास्त मजेचं आहे. आपण जे खातो त्यातला मोठा वाटा शरीर ३७ अंशांवर ऊबदार ठेवण्यातच खर्च होतो. आपल्या पोटातली चूल रात्रंदिवस पेटलेली! साप ऊब बाहेरून घेतो, उन्हातून, तापलेल्या दगडातून. म्हणून त्याचं थोडक्यात भागतं. मोठा अजगर एका जेवणावर कित्येक आठवडे काढतो. ब्रह्मदेशी अजगराचं तर नवल ऐका. भरपेट जेवल्यावर दोन दिवसांत त्याचं हृदय सुमारे ४० टक्क्यांनी मोठं होतं आणि पचन संपलं की पुन्हा पहिल्यासारखं होतं.

"मग साप पाळणं किती स्वस्त! महिन्यातून एकदा जेवण, बाकी काम नाही." असं कुणाला वाटलं ना? इथेच तर गंमत आहे. साप खातो कमी, पण त्याला घर मात्र अगदी नेमकं लागतं.

परदेशात पुष्कळ लोक बॉल पायथन नावाचा आफ्रिकेतला अजगर पाळतात. घाबरला की तो अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. त्याच्या पेटीची एक बाजू ३०-३२ अंशांपर्यंत गरम आणि दुसरी गार ठेवावी लागते, म्हणजे हवं तिकडे तो सरकतो. दोन्हीकडे लपायला जागा, एका भांड्यात ताजं पाणी आणि घट्ट झाकण हवंच. पिल्लाला साधारण आठवड्याने, मोठ्याला दोन-तीन आठवड्यांनी अख्खा उंदीर द्यायचा. हाडांसकट, केसांसकट. उंदीर सापाच्या अंगापेक्षा फार जाड नको. जेवणानंतर दोन दिवस सापाला हातही लावायचा नाही. पेटी गार पडली तर अन्न पोटात कुजतं आणि साप ते ओकून टाकतो. लपायला जागा नसेल तर तो भेदरतो आणि समोरचा उंदीरही खात नाही. काही वेळा तर धडधाकट सापसुद्धा महिनोन् महिने तोंड उघडत नाही! मग मालकाची झोप उडते.

आता बघा, लोणच्याच्या बरणीत यातलं काय होतं? ना ऊब, ना आडोसा, वर चार भोकं. तिथे पाल दिली असती तरी त्या कवड्याने बहुधा खाल्ली नसती.

आणि आपल्याकडे कायदाही आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानातला साप पकडून घरी ठेवणं हा गुन्हा आहे. तो योग्यही आहे. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने भाताची कितीतरी वाणं काढली, पण शेतातला उंदीर वाण बघून खात नाही! त्याला आवरते ती आपली धामण. ती पेटीत गेली तर खाचराची राखण कोण करणार?

सापाची ओढ असणं वाईट नाही, दोस्तांनो. कर्जत तालुक्यातल्याच माथेरानला नीलिमकुमार खैरे एका हॉलिडे होममध्ये कामाला होते. तिथे साप निघायचे. ते मारण्याऐवजी खैरे त्यांना पकडून डोंगरात सोडू लागले. साप उगाच चावत नाही हे लोकांना पटावं म्हणून १९८० मध्ये पुण्यात ते काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले. (हा प्रयोग त्यांनी केला, आपण करायचा नाही!) १९८६ मध्ये त्यांच्याच प्रयत्नातून कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. सापाचं घर कसं असतं ते तिथे जाऊन बघा.

आता आईबाबांसाठी दोन शब्द. त्या मुलाने इतके दिवस घरी का सांगितलं नाही? ओरडा बसेल म्हणून. मुलाने "साप दिसला" म्हटलं, तर आधी त्याला जवळ घ्या, मग १९२६ फिरवा. दंश झाला असेल तर मांत्रिक नको, जखम कापणं-चोखणं नको. १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठा.

परवा त्या मुलाचं दुसरं पत्र आलं. लिहितो, "काका, आता आमच्या पडवीतल्या पाली मी मोजतो. नऊ आहेत. कवड्या परत आला तर त्याला जेवण तयार आहे. आणि या वेळी आईला माहीत आहे."

शाबास रे पठ्ठ्या! तुमच्या पडवीत किती पाली आहेत? लांबूनच मोजा आणि मला कळवा.

तुमचा,
काका