घाईचा दुसरा भाग

बायोवेअरचा ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ नोव्हेंबर 2009मध्ये आला आणि मार्च 2011मध्ये दुसरा भाग हजर! एवढ्या पसाऱ्याच्या खेळाला जेमतेम सोळा महिने. ही घाई दिसते ती गुहांमध्ये. किर्कवॉल शहराबाहेरच्या कुठल्याही गुहेत शिरा, तीच वळणं, तेच जिने. फक्त एखादी वाट बुजवलेली. कोपऱ्यातल्या नकाशात मात्र बुजवलेली वाटही इमानेइतबारे दिसते.

पहिल्या भागात एल्फ व्हायचं की ड्वार्फ की माणूस, हे खेळणारा ठरवी आणि त्यानुसार सहांपैकी एक सुरुवात त्याच्या वाट्याला येई. इथे नायक ठरलेला: हॉक, माणूसच. पीसीवर वरून रणांगण पाहत डाव आखायची सोयही गेली. शत्रूच मागाहून टोळ्याटोळ्यांनी टपकणार, तर डाव आखायचा तरी कशाच्या जोरावर?

कथेला मात्र नावं ठेवू नयेत. एकाच शहरातली सुमारे दहा वर्षं सांगणं धाडसाचंच, आणि तिखटमीठ लावून ती सांगणारा वॅरिक तर फर्मास. चाहते बदलावर चिडले नाहीत, असं आम्हाला वाटतं. ज्याला जीव लावला, नेमकं तेच काढून घेतलं, म्हणून चिडले. खेळून बघाच, पण स्वस्तात मिळाला तर.