मोह : एक नाव, अनेक झाडे

बिअर बनवणाऱ्यांच्या जगात हॉप्स या वेलीच्या फुलांची निवड हा गंभीर चर्चेचा विषय असतो. चेक भूमीतील 'साझ' सौम्य सुगंधाचे, तर अमेरिकेत 1972 साली प्रसृत झालेले 'कॅस्केड' लिंबूवर्गीय फळांची आठवण करून देणारे. प्रत्येक वाणाला नाव आहे, गाव आहे, इतिहास आहे. ही वर्णने वाचताना आम्हांला सातपुड्यातील मोलगी आठवते.

तेथे मार्च-एप्रिलमध्ये भल्या पहाटे मोहाची फुले गळतात. ती वेचणाऱ्या बायाबापड्या कोणत्या झाडाचे फूल अधिक गोड, कोणत्याचे अधिक रसदार, हे झाडागणिक सांगतात. हॉप्स बिअरला कडवटपणा व गंध देतात, मोहफूल आंबवणीला साखरच पुरवते. तेव्हा तुलना पूर्णतः जुळत नाही हे मान्य. परंतु पारख ही दोन्हीकडे पारखच. मग एकीला रसिकता म्हणायचे आणि दुसरीला 'हातभट्टी' या एका शब्दात गुंडाळायचे, हा न्याय कोणता?

या शब्दामागे कायद्याचा इतिहास आहे. वसाहतकालीन मुंबई इलाख्यात 1892 साली मोहफुलांसाठी स्वतंत्र कायदाच झाला. फूल खाद्य आहे, याहून ते करबुडवे आहे ही ओळख मोठी ठरली. महाराष्ट्राने मोहफुलांच्या संकलन-वाहतुकीवरील निर्बंध हटवण्याचा निर्णय घेतला तो 2021 साली.

आम्ही साहित्याचे अध्यापकही यात निर्दोष नाही. कवितेत मोहाचे झाड आले की आम्ही झटकन 'मोह म्हणजे आसक्ती' असा श्लेष फळ्यावर लिहितो. वस्तुतः झाडाचा मोह संस्कृत 'मधूक'पासून आला. आसक्तीच्या मोहाशी त्याचे नाते केवळ ध्वनीचे. एकदा असाच श्लेष उलगडताना डोंगराकडची एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, आमच्याकडे मोह खातात पण." वर्ग हसला. आम्हीही हसलो, आणि ते हसणे आजही बोचते.

दारूने मोडलेले संसार आम्ही पाहिले आहेत. तिचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. आमचे म्हणणे एवढेच, की निषेध करायचा तरी आधी वस्तू नीट ओळखावी. झाडागणिक चव जाणणाऱ्यांचे शब्द प्रथम ऐकावेत, श्लेष नंतर शिकवावा.